न आलेले पत्र

सत्तावीस वर्षे मी एक गोष्ट सांगत आलो. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात बारावीच्या मुलांना निरोप देण्याचा समारंभ फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात होई. प्राचार्यांचे भाषण, एखाद्या मुलीचे मध्येच दाटून आलेले आभारप्रदर्शन, आणि शेवटी 'आता इंग्रजीचे सर दोन शब्द बोलतील' ही ठरलेली सूचना. ते दोन शब्द अर्ध्या तासाचे असत आणि त्यांचा शेवट त्या गोष्टीने होत असे. एखाद्या वर्षी मी ती गाळली तर मुलेच मागून ओरडत, 'सर, पेगची गोष्ट!' थोरल्या भावंडांकडून त्यांनी ती ऐकलेली असे. मला, खरे सांगायचे तर, याचा थोडा अभिमानही वाटे.

गोष्ट अशी. पेग एन्टविसल नावाची एक तरुण नटी नशीब काढायला हॉलिवूडला आली. तिला एक चित्रपट मिळाला; त्यातलेही तिचे बरेचसे काम कापले गेले. १९३२ च्या सप्टेंबरात एका रात्री ती डोंगरावरच्या त्या प्रचंड पाटीकडे गेली, जिची अक्षरे आज साऱ्या जगाला ठाऊक आहेत, आणि तिथून जिवंत परतली नाही. वय वर्षे चोवीस. इथे मी थांबत असे. किती थांबायचे हेही मला सवयीने कळू लागले होते. मग आवाज खाली आणून म्हणायचो, "आणि मुलांनो, दुसऱ्या दिवशी तिच्या घरी एक पत्र आलं. एका नाट्यसंस्थेचं. प्रमुख भूमिका देऊ केली होती. भूमिका कुणाची? शेवटी आत्महत्या करणाऱ्या एका तरुणीची! एक दिवस, मुलांनो. एकच दिवस थांबली असती तर!"

पुढच्या रांगेतली मुले मान खाली घालीत. मागच्या रांगेतली, वर्षभर मला न जुमानणारी, तीही गप्प होत. निकालाच्या दिवसांत आमच्याकडे वर्तमानपत्रे उघडायला भीती वाटते. त्या भीतीवर माझ्याजवळ हा एक ताईत होता, आणि तो मी मुठी भरभरून वाटला.

पत्र आलेच नव्हते, हे मला कळले तेव्हा मी निवृत्त होऊन एक वर्ष झाले होते.

२०१६ च्या श्रावणातली गोष्ट. माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. तिला मी इथे नाव देत नाही. बारावीनंतर पदवी घेऊन ती पुण्याला गेली होती आणि स्पर्धापरीक्षांच्या मागे लागली होती. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळे वर्णन नको: हातभर रुंदीचे टेबल, त्यावर दिवा, दिव्याशेजारी पाण्याची बाटली, आणि भिंतीवर स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलेली स्वतःलाच दिलेली ताकीद. अशा टेबलाशी तिने चार वर्षे काढली होती. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोचली, एकदा तीन गुणांनी गेली. घरी धाकट्या बहिणीचे लग्न ठरले होते.

छत्री दाराशी उभी करून ती बसली. इकडचे तिकडचे झाले. आमच्या सौभाग्यवतींनी चहा आणला. मग एकदम तिने विचारले, "सर, ती पेगची गोष्ट खरी आहे?"

"खरी म्हणजे? खरीच."

"पत्र खरंच आलं होतं?"

"हो."

ती हसली. "नाही, म्हणजे मी आपलं विचारलं. गेल्या वर्षी निकाल लागला त्या रात्री मला फार वाईट वाटलं होतं सर. म्हणजे फारच. तेव्हा तुमची पेग आठवली. म्हटलं, उद्याचं टपाल तर येऊ दे. म्हणून थांबले." कपाची कड पुसत ती पुढे म्हणाली, "पण आता वर्ष झालं. पत्र किती दिवसांत येतं सर?"

याला मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. काहीतरी शिक्षकी दिले असणार. ती गेल्यावर मी पहिल्यांदाच ती गोष्ट तपासायला बसलो. सत्तावीस वर्षांत मला ते कधी सुचले नव्हते! तरुणपणी वाचनालयातल्या कुठल्याशा जुन्या मासिकात 'हॉलिवूडच्या शोकांतिका' अशा धर्तीच्या लेखात मी ती वाचली होती, आणि मुलांनी अवतरणाखाली लेखकाचे नाव लिहिले नाही तर गुण कापणाऱ्या मी तिचा उगम स्वतःला कधी विचारला नव्हता. मुलाच्या संगणकावर दोन रात्री वाचले, पुढे तिच्यावरचे पुस्तकही मिळवले. तिच्या चरित्राचा कसून शोध घेणाऱ्यांना अशा पत्राचा कसलाही पुरावा सापडलेला नाही. कुणीतरी, कधीतरी, ते लिहून तिच्या दारात टाकले. आणि तेव्हापासून ते रोज तिला एक दिवस उशिरा पोचते आहे.

त्या पत्राच्या मागे मात्र एक बाई सापडली. सत्तावीस वर्षांत मी तिची ओळख करून घेतली नव्हती.

मिलिसेंट लिलियन एन्टविसल हे तिचे पूर्ण नाव. जन्म ५ फेब्रुवारी १९०८, वेल्समधल्या पोर्ट टॅलबट गावी. वडील रॉबर्ट हे नट. ते तिला घेऊन अमेरिकेत आले. सावत्र आई १९२१ साली गेली. पुढच्याच वर्षी वडील न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका मोटारीखाली सापडून गेले, आणि मोटार हाकणारा थांबलाही नाही. पेग चौदा वर्षांची होती. तिला आणि तिच्या दोन धाकट्या सावत्र भावांना चुलत्याने सांभाळले. सतराव्या-अठराव्या वर्षी ती बॉस्टनच्या रंगभूमीवर उभी होती. १९२६ ते १९३२ या सहा वर्षांत तिने न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर दहा नाटकांत कामे केली. त्यांतल्या 'टॉमी' या नाटकाचे १९२७ साली २३२ प्रयोग झाले. थिएटर गिल्डसारख्या मातबर संस्थेबरोबर ती दौऱ्यावर गेली. लग्न केले; नवऱ्याने पहिले लग्न आणि एक मुलगा तिच्यापासून लपवला होता; दोन वर्षांत काडीमोड झाला. मंदी आली, थिएटरांवर पडदे पडू लागले. १९३२ च्या वसंतात ती एका नाटकासाठी लॉस एंजेलिसला आली. त्या नाटकात हम्फ्री बोगार्ट तिच्याबरोबर होता, तेव्हा त्यालाही फारसे कुणी ओळखत नव्हते. त्या कामावरून आर.के.ओ. कंपनीने तिला एका चित्रपटासाठी करारबद्ध केले. चित्रपट संपला, करार वाढवला गेला नाही. परत न्यूयॉर्कला जायला पैसे नव्हते.

म्हणजे हॉलिवूडमध्ये ती होती ती जेमतेम पाच महिने! त्या पाच महिन्यांवरून जगाने तिला 'हॉलिवूडची अपयशी नटी' ठरवले, आणि मी ते सत्तावीस वर्षे मुलांना सांगितले. एखादा गवई आयुष्यभर मैफली गाजवून शेवटच्या वर्षी एका जाहिरातीच्या आवाजचाचणीत नापास झाला, तर त्याला आपण 'जाहिरातीतला अपयशी माणूस' म्हणू काय? पेगचे मात्र तेच झाले, कारण मरायला ती पाटीपाशी गेली. ती पाटी तरी कसली? जमिनीचे तुकडे विकणाऱ्या एका वसाहतीची १९२३ साली उभारलेली जाहिरात. तेव्हा तिच्यावर 'हॉलिवूडलँड' अशी तेरा अक्षरे होती, पन्नास पन्नास फूट उंचीची, रात्री हजारो दिव्यांनी उजळणारी. दीड वर्ष टिकावी एवढ्याच बेताने ती बांधली होती. शेवटची चार अक्षरे १९४९ साली काढली, तेव्हा कुठे ती आजची पाटी झाली. पेगच्या चुलत्याचे घर त्याच टेकडीच्या पायथ्याशी होते. घरातून निघाल्यावर वर पाहिले की ती दिसे, इतकेच खरे. तिने काय योजून ती जागा निवडली हे तिने सांगितले नाही, आपण सांगतो.

तिने मागे ठेवलेली चिठ्ठी चार ओळींची आहे. आपण भित्र्या आहोत असे वाटते, सगळ्याबद्दल वाईट वाटते, आणि हे फार पूर्वीच केले असते तर पुष्कळ वेदना वाचल्या असत्या, असा तिचा आशय. खाली दोन आद्याक्षरे, पी. ई. पोलिसांना ओळख पटेना म्हणून ती वर्तमानपत्रांत छापली गेली, आणि आद्याक्षरांवरून चुलत्याने ओळखले. त्या चार ओळींत चित्रपटाचा उल्लेख नाही. भूमिकेचा नाही, पाटीचा नाही. 'फार पूर्वीच' असे म्हणणारी मुलगी एका पत्राने, एका भूमिकेने, एका दिवसाने थांबली असती की नाही, हे मी कोण सांगणार? पण सांगत मात्र होतो.

तुम्ही म्हणाल, एवढे काय मनाला लावून घ्यायचे? मेलेल्या बाईविषयी एक लहानशी थाप, आणि तिने जित्या मुलीचा जीव वाचवला. वाचवला म्हणून ती मुलगी स्वतःच्या तोंडाने सांगून गेली. यापरते खोट्याचे सार्थक कोणते?

हा प्रश्न मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. आपल्याकडे तो जुना आहे. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतो. सत्याचे व्रत घेतलेल्या या ब्राह्मणाला चोर विचारतात, लोक कुठे पळाले. तो खरे सांगतो. लोक मारले जातात आणि कौशिक नरकात जातो. 'गीतारहस्या'तल्या 'कर्मजिज्ञासा' प्रकरणात टिळकांनी सत्याच्या अपवादांचा केलेला विचार ज्यांनी वाचला आहे त्यांना या कथेची अडचण ठाऊक आहेच. खऱ्याने माणसे मरत असतील आणि खोट्याने जगत असतील, तर खरे कवटाळून बसणे हा एक प्रकारचा स्वार्थच ठरतो. मी कौशिक होऊ इच्छीत नव्हतो. त्या मुलीकडे जाऊन 'बाई ग, पत्र आलं नव्हतं' असे सांगणे म्हणजे चोरांना झाडीकडे बोट दाखवणे नव्हे काय?

दोन आठवडे मी काहीच केले नाही. रोज संध्याकाळी ठरवायचो, उद्या फोन करू.

याच दिवसांत पेगविषयी आणखी एक गोष्ट वाचनात आली आणि मी चरकलो. बॉस्टनला तिने ज्या भूमिकेत नाव मिळवले ती इब्सेनच्या 'वाइल्ड डक'मधली हेडविगची. हे नाटक मी एम.ए.ला अभ्यासले होते आणि पुष्कळसे विसरलो होतो. पुन्हा काढून वाचले. एकदाल नावाच्या एका साध्या घरात सगळे काही ठीक चालले आहे. ठीक चालले आहे ते एका झाकलेल्या गोष्टीवर. घराचा यजमान याल्मार आपण काहीतरी थोर शोध लावणार आहोत या समजुतीत सुखी आहे. त्याचा मित्र ग्रेगर्स मोठा सत्याचा पुजारी. तो घरात शिरतो आणि झाकण काढतो. शेजारी राहणारा डॉक्टर रेलिंग त्याला परोपरीने सांगत असतो की सामान्य माणसाच्या जगण्याखालचे खोटे काढून घेऊ नकोस, त्याबरोबर त्याचे सुखही जाईल. ग्रेगर्स ऐकत नाही. हेडविग आपली मुलगी आहे की नाही या संशयाने याल्मार तिला दूर लोटतो. ग्रेगर्स त्या चौदा वर्षांच्या पोरीला पटवतो, की आवडत्या रानबदकाचा बळी दे म्हणजे बापाला तुझे प्रेम कळेल. बळी बदकाचा जात नाही.

सतरा-अठरा वर्षांची पेग, चौदाव्या वर्षी बाप गमावलेली, ही भूमिका करीत होती. प्रेक्षकांत एक मुलगी आईबरोबर येऊन बसली होती. ती ते पाहून अशी भारली की नटीच व्हायचे तिने ठरवले, आणि पुढे १९२९ साली स्वतः हेडविग केली. तिचे नाव बेटी डेव्हिस. आपल्या नाट्यजीवनाचा आरंभ तिने जाहीरपणे पेगच्या त्या कामाशी जोडला. ही खरी घडलेली गोष्ट. पण निरोपसमारंभात ती रंगत नाही, कारण तिने पेगचे काहीच बदलत नाही.

इब्सेनने मला मदत केली असे म्हणता येणार नाही. उलट दोन्ही बाजूंनी मारले. रेलिंगचे खरे मानावे तर मी गप्प बसावे. ग्रेगर्सचे मानावे तर सांगावे, पण ग्रेगर्सचे काय होते ते समोर होते. आणि ग्रेगर्समध्ये मला एक ओळखीचा माणूस दिसू लागला. त्याला सत्य हवे असते ते एकदालांसाठी नव्हे. आपल्या बापाच्या पापाचा ओझ्याचा भाग आपल्या खांद्यावरून उतरावा म्हणून. मलाही त्या मुलीला खरे सांगायचे होते ते तिच्यासाठी, की सत्तावीस वर्षांची माझी लाज उतरावी म्हणून? आजही याचे उत्तर मी छातीठोकपणे देत नाही.

शेवटी निर्णय झाला तो एका चित्रपटाने. ज्या एका चित्रपटात पेग दिसते तो 'थर्टीन विमेन'. ती गेल्यावर महिन्याभराने, ऑक्टोबर १९३२ मध्ये तो न्यूयॉर्कला लागला. आपल्या वाचकांना मौज वाटेल, की त्यात एक 'हिंदू' स्वामी आहे, योगदाची असे काहीतरी अगडबंब नाव असलेला. कॉलेजात वंशावरून हिणवली गेलेली अर्ध्या हिंदू रक्ताची एक स्त्री, मायर्ना लॉयने केलेली, या ज्योतिष्याला हाताशी धरून जुन्या मैत्रिणींचा सूड घेते. कशी? पत्रे पाठवून. प्रत्येकीला तिचे भविष्य टपालाने येते, ते भयंकर असते, आणि त्या बायका ते खरे मानतात म्हणून खरे होते. चित्रपट सुमार आहे, त्यातला पौर्वात्य मसाला आज पाहवत नाही, आणि पेग त्यात डोळा लवतो न लवतो तोच नाहीशी होते. पण मी तो पाहताना पुरता खजील झालो. पत्रावर माणसे कशी चालतात हे त्या सुमार चित्रपटाला कळले होते. माझे पत्र शुभ होते, एवढाच फरक. तेही मी न विचारता लोकांच्या घरी पाठवले होते. आणि एक मुलगी त्यात लिहिल्याप्रमाणे चार वर्षे टपालाकडे डोळे लावून बसली होती. त्यातले एक वर्ष तर ती केवळ टपालासाठीच जगत होती. पत्र येईल म्हणून जगायचे, तर न आल्यावर काय करायचे, हे माझ्या गोष्टीत कुठेच नव्हते. माझ्या गोष्टीतली पेग चुकते ती घाई करून. मग ज्याने घाई केली नाही आणि तरी काही आले नाही, त्याला माझ्याकडे तोंड दाखवायला जागा नव्हती.

मी पुण्याला गेलो. फोनवर सांगण्याची ही गोष्ट नव्हती. अभ्यासिकेबाहेरच्या अमृततुल्यात आम्ही बसलो आणि मी एका दमात सांगून टाकले. पत्र आले नव्हते. मी तपासले नव्हते. चूक माझी.

तिने बराच वेळ काही म्हटले नाही. मी घाबरलो होतो हे कबूल करतो. मग तिने विचारले, "मग ती कशी होती? कामाला?"

हा प्रश्न मी अपेक्षिला नव्हता. मी हेडविगचे सांगितले, 'टॉमी'चे सांगितले, बापाचे सांगितले. चिठ्ठीत काय होते आणि काय नव्हते ते सांगितले. ती ऐकत होती. "म्हणजे तिला आधीपासूनच बरं नव्हतं," ती म्हणाली, "पण कुणी विचारलं नसेल. काम चांगलं चाललं की कोण विचारतं?" मग थोड्या वेळाने, बाहेर पाहत, "मलाही बरं नाहीये सर."

त्यापुढचे तिचे तिच्याकडे राहू द्या. डॉक्टरांकडे गेली, घरी सांगितले, परीक्षा सोडली, वर्षभराने एका सहकारी संस्थेत नोकरीला लागली. आज तिला एक मुलगी आहे. कुणी यावरून असा निष्कर्ष काढील की सत्याचा विजय झाला. मला तशी खात्री नाही. दोन वर्षांपूर्वी ती भेटली तेव्हा मी धीर करून विचारले, मी सांगितले ते बरे केले की वाईट? तिने सरळ उत्तर दिले: "आदल्या वर्षी सांगितलं असतंत तर मी आज नसते, सर. त्या रात्री मला ते पत्र पाहिजेच होतं." म्हणजे एकच खोटे एका श्रावणात औषध होते आणि पुढच्या श्रावणात दुखणे. हे कुठल्या नीतिशास्त्राच्या चौकटीत बसवावे? कौशिकाला तरी समोर चोर दिसत होते.

एक गोष्ट मात्र मला पटली आहे, ती त्या मुलीच्या हिशेबाबाहेरची आहे. या सगळ्या व्यवहारात तिसरे माणूस होते आणि त्याला कुणी विचारले नव्हते. मी पेगच्या नावाने पत्र उघडले होते. चोराला चुकवण्यासाठी बोललेले खोटे चोराशी संपते. माझे खोटे एका मेलेल्या बाईला दरवर्षी फेब्रुवारीत उतावळी ठरवीत होते. 'एकच दिवस थांबली असती तर' यात कळवळा कमी आणि शहाणपणा जास्त आहे. तिला जे दिसले नाही ते आम्हाला दिसते, या समाधानात आम्ही सगळे सभागृहातून घरी जात होतो. २०२० साली नेटफ्लिक्सवर 'हॉलिवूड' नावाची एक मालिका आली. तीत पेगवर चित्रपट काढणारी मंडळी तिच्या गोष्टीचा शेवटच बदलून टाकतात. नायिका पाटीवरून खाली उतरून येते. पाहताना माझेही डोळे भरले. पण मनात आले, या बाईला तिचे स्वतःचे एवढे एक दुःख तरी आपण कधी तिच्याजवळ राहू देणार? तिची रक्षा १९३३ च्या जानेवारीत ओहायोमधल्या ग्लेनडेलला, वडिलांच्या थडग्यात ठेवली गेली. हॉलिवूडपासून दोन हजार मैलांवर. निदान घरच्यांनी तरी तिला पाटीपासून दूर नेले.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या महाविद्यालयाने मला निरोपसमारंभाला पाहुणा म्हणून बोलावले. इंग्रजीच्या जागेवर आता माझाच एक विद्यार्थी आहे. हुशार, मुलांचा लाडका. त्याने दोन शब्दांना सुरुवात केली आणि मी व्यासपीठावर खुर्ची घट्ट धरून बसलो. तो पेग सांगत होता. माझ्याच जागी थांबत होता, माझ्यासारखाच आवाज खाली आणत होता. पत्राला त्याने निळा लिफाफाही दिला होता. मागच्या रांगेतल्या एका मुलाने कॉलर तोंडाशी धरली होती आणि तो हलत नव्हता. त्या मुलाला कुठले वर्ष चालू आहे, पत्र हवे असण्याचे की त्याचे दुखणे होण्याचे, हे मला खुर्चीवरून दिसणे शक्य नव्हते.

मग मला बोलायला सांगितले. घरून ठरवून आणलेले काहीच मी बोललो नाही. पत्राला हात लावला नाही. मी 'टॉमी'चे २३२ प्रयोग सांगितले. रोज संध्याकाळी वेळेवर जाऊन रंग लावणारी एकोणीस वर्षांची एक मुलगी सांगितली. आणि म्हणालो की तिला बरे नसेल हे तिच्या शेजारी रंग लावणाऱ्यांना कदाचित कळले नसेल, तर तुम्ही आपल्या शेजारच्याला आज घरी जाताना एवढे विचारा. भाषण पडले. टाळ्या वाजल्या त्या वयाला.

चहाच्या वेळी तो तरुण प्राध्यापक जवळ आला. "सर, ते २३२ कुठून आणलंत? तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नव्हतं."

मी त्याला बाजूला घेतले आणि सांगितले, पत्राचेही सांगितले. आमच्याभोवती मुले आपल्या मोबाइलवर एकमेकांचे फोटो काढीत होती. तो कपातल्या चहाकडे पाहत राहिला.

"पण सर," तो म्हणाला, "परवा निकालाच्या भीतीने एक मुलगी माझ्याकडे येऊन रडली. तिला मी तीच गोष्ट सांगितलीय."

"मग तिच्याकडे जा."

"आज?"

मी सभागृहाच्या दाराकडे पाहिले. मुले बाहेर पडू लागली होती.